पाश्चात्त्य इतिहासातील स्वातंत्र्याचे धडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासवर्गाला येणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आणि निवृत्तीनंतर सवडीने वाचन करणारे वाचक यांच्याकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुनःपुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्यात सविस्तर आला असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वातंत्र्य म्हणजे परक्यांची सत्ता जाणे. इंग्लंडवर परक्यांचे राज्य नव्हते, मग तिथे स्वातंत्र्याचा लढा कसला?

हा गोंधळ शब्दामुळे होतो. मराठीत देशाचे स्वातंत्र्य आणि माणसाचे स्वातंत्र्य या दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो, आणि १९४७च्या आठवणीमुळे पहिला अर्थ आधी मनात येतो. राज्य आपल्याच माणसांचे असले तरी राजाला वाटेल त्या माणसाला वाटेल तितके दिवस कोठडीत ठेवता येत असेल, तर त्या देशातला माणूस स्वतंत्र नसतो. इंग्लंडमधला लढा या दुसऱ्या अर्थाच्या स्वातंत्र्याचा होता, आणि पुढील बहुतेक उत्तरे त्याच अर्थाने लिहिली आहेत. आपल्याकडे आधी राजकीय की आधी सामाजिक या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांच्यात जो वाद झाला, त्याच्या मुळाशीही हाच फरक होता. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत, तेही याच दुसऱ्या अर्थाचे.

२. मॅग्ना कार्टा ही सामान्य माणसाची सनद होती, असे म्हणता येईल का?

सरळ तसे म्हणता येणार नाही. १५ जून १२१५ रोजी टेम्स नदीकाठच्या रनीमीडच्या कुरणात इंग्लंडच्या जॉन राजाने मॅग्ना कार्टा म्हणजे ‘मोठी सनद’ हिच्यावर मोहोर उमटवली, ती बंड केलेल्या सरदारांच्या दडपणाखाली. तिच्यातील बरीच कलमे सरदारांचे वारसाहक्क, विधवांची मालमत्ता, सावकारांची देणी अशा त्यांच्या स्वतःच्या तक्रारींची आहेत; टेम्समधील मासे पकडण्याचे बांध काढून टाकावेत, असेही एक कलम आहे. ज्या कलमाचा सर्वांत जास्त उल्लेख होतो, त्या एकोणचाळिसाव्या कलमात म्हटले आहे की कोणाही ‘मुक्त माणसाला’ त्याच्या बरोबरीच्यांच्या कायदेशीर निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडता येणार नाही, कैदेत टाकता येणार नाही की त्याची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमिनीला बांधलेल्या कुळांची संख्या मोठी होती, आणि ती ‘मुक्त’ या शब्दात मोडत नव्हती.

तरीही विसावे कलम मला नेहमी थांबवते. दंड करताना बांधलेल्या कुळाचीही शेतीची साधने हिरावून घेऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. सरदारांचा हेतू कनवाळूपणाचा असेलच असे नाही, कारण कुळाचा नांगर गेला तर नुकसान सरदाराचेच होते. पण दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याचा हात कोठे थांबला पाहिजे, हे एका लेखी कलमात ठरवले गेले, आणि ही सवय पुढे वाढत गेली.

३. पोपने ही सनद लगेच रद्द केली होती, मग ती टिकली कशी?

तिसऱ्या इनोसंट पोपने २४ ऑगस्ट १२१५ रोजी ती रद्दबातल ठरवली, म्हणजे मूळ सनद जेमतेम दहा आठवडे जगली. पुढच्या वर्षी जॉन मरण पावला, गादीवर नऊ वर्षांचा मुलगा आला, आणि त्याच्या कारभाऱ्यांनी सरदारांना वळवून घेण्यासाठी काही कलमे गाळून ती पुन्हा जारी केली. १२१७ आणि १२२५ मध्ये ती पुन्हा निघाली आणि १२९७ मध्ये कायद्यांच्या दप्तरात गेली. कर बसवायचा असेल तेव्हा राजाला पैसा लागे, आणि पैसा देणारे सनदेला पुन्हा मान्यता मागत. ती टिकली ती या वारंवारच्या मागणीमुळे.

४. बंदी प्रत्यक्षीकरण म्हणजे नेमके काय, आणि ते कसे पक्के झाले?

लॅटिनमध्ये हेबियस कॉर्पस या नावाने ओळखला जाणारा हा न्यायालयाचा हुकूम कैद्याला नव्हे, तर तुरुंगाधिकाऱ्याला उद्देशून असतो: अमुक माणसाला घेऊन न्यायालयापुढे ये आणि त्याला कोणत्या कारणाने धरले आहे ते सांग.

पहिला कठीण प्रसंग १६२७ मध्ये आला. पहिल्या चार्ल्सने पार्लमेंटला न विचारता सक्तीचे कर्ज उभारले, ते देण्यास नकार देणाऱ्यांना तुरुंगात टाकले, आणि त्यांच्यापैकी पाच जणांनी हा हुकूम मागितला. तुरुंगाधिकाऱ्याने कारण सांगितले ते एवढेच: राजाची खास आज्ञा. न्यायाधीशांनी त्यांना सोडले नाही. कागद आला, कैदी हजर झाला, कारणही सांगितले गेले, तरी हाती काहीच लागले नाही, कारण ‘राजाची आज्ञा’ हे कारण पुरेसे धरले गेले. कायदेपंडित एडवर्ड कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी पार्लमेंटमध्ये राजाकडून हक्कांचा अर्ज मान्य करून घेतला. कारण न दाखवता कैद करू नये हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. राजाने तो मान्य केला आणि १६२९ पासून अकरा वर्षे पार्लमेंटच बोलावले नाही.

म्हणून मला १६७९चा हेबियस कॉर्पस कायदा या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा कायदा वाटतो. त्यात थोर वाक्ये नाहीत, दिवस आणि रकमा आहेत. तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत, शंभर मैलांपर्यंत दहा दिवसांत आणि त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत कैद्याला हजर केले पाहिजे. टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्यांदा शंभर पौंड आणि दुसऱ्यांदा दोनशे पौंड दंड, तोही कैद्यालाच मिळणारा. न्यायालयाच्या सुट्टीत हुकूम नाकारणाऱ्या न्यायाधीशाला पाचशे पौंड. कैद्याला समुद्रापलीकडच्या किल्ल्यात पाठवून हुकुमाच्या कक्षेबाहेर नेण्याची वाटही या कायद्याने बंद केली.

या हुकुमाची मराठी मुलखाशी गाठ फार लवकर पडली. १८२८ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला हजर करण्याचा हुकूम त्याला ताब्यात ठेवणाऱ्या नातेवाइकाच्या नावे काढला, आणि गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या सरकारने तो अमलात आणण्यास नकार दिला. न्यायमूर्ती जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ मध्ये न्यायालयच बंद ठेवले. वसाहतींच्या अपिलांचा शेवटचा निर्णय देणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला तो न्यायालयाच्या विरुद्ध: मुंबई बेटाबाहेरच्या देशी रहिवाशांपर्यंत या न्यायालयाचा हात पोहोचत नाही. इंग्रजांनी सोबत आणलेला हुकूम पुण्याच्या मुलासाठी चालला नाही, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

५. ज्युरीने न्यायाधीशाचे ऐकले नाही म्हणून ज्युरीलाच तुरुंगात टाकले, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि ही हकिकत मुळातून वाचण्यासारखी आहे. ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे पंचमंडळ. ऑगस्ट १६७० मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनागृहाला सरकारने कुलूप ठोकले, तेव्हा त्या पंथाचे विल्यम पेन यांनी लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावर उभे राहून प्रवचन केले. बेकायदा जमाव जमवल्याबद्दल त्यांच्यावर आणि विल्यम मीड यांच्यावर लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायालयात शिरताना शिपायांनी त्यांच्या डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या. न्यायपीठाने त्या परत घालायला लावल्या आणि मग न्यायालयासमोर टोपी न काढल्याबद्दल दोघांना दंड केला. आपल्यावरचा आरोप कोणत्या कायद्याखाली आहे तो कायदा दाखवा, असे पेन विचारत राहिले. उत्तरात त्यांना ‘देशाचा रूढ कायदा’ एवढेच सांगितले गेले, आणि आग्रह धरल्यावर न्यायालयाच्या एका कोपऱ्यात हलवले गेले.

बारा जणांच्या ज्युरीने पेन यांच्याबद्दल निवाडा दिला तो असा: ग्रेसचर्च रस्त्यावर बोलल्याबद्दल दोषी. बोलणे हा गुन्हा नव्हता, म्हणून न्यायपीठाला हा निवाडा नको होता. ज्युरीला अन्न, पाणी, शेकोटी आणि तंबाखू यांवाचून कोंडून ठेवण्यात आले. लघवीसाठी भांडे मागितले तेही मिळाले नाही. दोन रात्री अशा गेल्यावर ज्युरीने निवाडा बदलला, पण न्यायाधीशांना हवा होता त्याच्या उलट दिशेने: दोषी नाही. प्रत्येकाला चाळीस मार्क दंड झाला आणि तो भरेपर्यंत न्यूगेट तुरुंगात रवानगी झाली. एडवर्ड बुशेल आणि आणखी काही जणांनी दंड भरला नाही. त्यांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा हुकूम मागितला (प्रश्न ४), आणि सरन्यायाधीश व्हॉन यांनी त्यांना सोडताना ठरवून दिले की निवाडा पटला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येणार नाही.

यात एक गोष्ट सहज निसटते. या लढ्यातले वीर वक्ते किंवा सेनापती नव्हते. त्या आठवड्यात ज्युरीच्या यादीत नाव आलेले लंडनचे रहिवासी होते.

६. मग भारतात ज्युरी का राहिली नाही? तिचा अनुभव वाईट होता का?

ज्युरीत कोण बसते यावर सारे अवलंबून असते. मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचे खटले चालले, तेव्हा १८९७ मध्ये सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले आणि तीन भारतीयांनी निर्दोष. १९०८ मध्ये हेच मत सात विरुद्ध दोन असे पडले आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला नेण्यात आले. इंग्लंडमध्ये त्या काळी बाराही जणांचे एकमत लागत असे. येथे बहुमतावर भागवले गेले. ‘बरोबरीच्यांचा निवाडा’ हे तत्त्व (प्रश्न २) राज्यकर्त्यांच्या बरोबरीच्यांचा निवाडा होऊन बसले. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरील खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निवाडा बाजूला सारला, आणि पुढे ही पद्धतच मोडीत निघाली.

७. पोलिसांना झडतीसाठी वॉरंट लागते, ही कल्पना कोठून आली?

वॉरंट आधीही होतेच. त्यात काय लिहिलेले असले पाहिजे, हा वाद होता. नोव्हेंबर १७६२ मध्ये राजाचे जासूद लंडनमधील लेखक जॉन एंटिक यांच्या घरात शिरले, चार तास त्यांनी कुलपे आणि खणांचे कप्पे फोडले आणि कागदपत्रे उचलून नेली. त्यांच्याजवळ मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांचे वॉरंट होते. एंटिक यांनी त्या जासुदांवरच दिवाणी दावा लावला, आणि १७६५ मध्ये सरन्यायाधीश कॅम्डेन यांनी निर्णय दिला की असा अधिकार कायद्यात असेल तर तो आमच्या ग्रंथांत सापडेल. तेथे सापडत नसेल तर तो कायदा नव्हे. एंटिक यांना तीनशे पौंड भरपाई मिळाली. पेन यांनी पंचाण्णव वर्षांपूर्वी विचारलेला ‘कायदा दाखवा’ हा प्रश्न (प्रश्न ५) येथे न्यायाधीशाच्या तोंडी आला. नागरिकाने काही करण्यासाठी परवानगी शोधावी लागत नाही, सरकारला मात्र प्रत्येक कृतीसाठी कायद्याचा आधार दाखवावा लागतो, हे या निकालाचे सार आहे.

८. ‘इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवताच गुलाम मुक्त होतो’ असा निकाल लागला होता ना?

निकाल याहून बराच मर्यादित होता. जेम्स सॉमरसेट यांना व्हर्जिनियात विकत घेण्यात आले होते आणि मालक त्यांना १७६९ मध्ये इंग्लंडला घेऊन आला. १७७१ मध्ये ते निसटले, दोन महिन्यांनी पकडले गेले, आणि जमैकाला विक्रीसाठी निघालेल्या ‘ॲन अँड मेरी’ जहाजावर त्यांना साखळदंडात ठेवण्यात आले. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पालक म्हणून उभे राहिलेल्या माणसांनी जहाजाच्या कप्तानाविरुद्ध बंदी प्रत्यक्षीकरणाचा हुकूम मिळवला. २२ जून १७७२ रोजी लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणाले की गुलामगिरी इतकी घृणास्पद आहे की स्पष्ट लेखी कायद्यावाचून तिला कशाचाच आधार मिळू शकत नाही, आणि असा कायदा इंग्लंडमध्ये नाही. म्हणून या माणसाला सोडले पाहिजे.

निकालाने मालकाला गुलामाला बळजबरीने देशाबाहेर नेण्यास मनाई केली. वसाहतींतील ऊसमळ्यांवरच्या लाखो माणसांना त्याने सोडवले नाही. त्यासाठी १८३३चा कायदा यावा लागला, आणि त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. राबणाऱ्यांना मात्र ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामाच्या, नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबवले गेले. आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक कलम त्यात होते: ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील मुलूख या कायद्यातून वगळला होता. येथे १८४३च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मानणे बंद केले, आणि माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो त्यानंतर दंड संहितेने.

९. ‘सर्व माणसे समान’ असे लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम होते. मग अमेरिकेचा जाहीरनामा हे ढोंगच नव्हे का?

लिहिणाऱ्यांच्या वागण्याबद्दल हा शब्द वापरायला माझी हरकत नाही. ४ जुलै १७७६च्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे जेफर्सन शेकडो गुलामांचे मालक होते. १७८७च्या संविधानाने लोकप्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीन पंचमांश मोजणी केली, पळून गेलेला गुलाम मालकाला परत करण्याचे बंधन घातले, आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालण्यास काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, मनाई केली.

पण एकदा जाहीर केलेले वाक्य लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे भरसभेत विचारले की तुमचा चार जुलै गुलामाच्या काय कामाचा. आणि त्याच भाषणात त्यांनी जाहीरनाम्यातील तत्त्वे सोडू नका, असेही बजावले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी तेच वाक्य घेऊन त्यात ‘पुरुष आणि स्त्रिया’ असे शब्द घातले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे अशी आशा व्यक्त केली. पुण्यात बसून जोतीराव अमेरिकेच्या इतिहासातले नेमके काय उचलतात, ते पाहण्यासारखे आहे: जाहीरनाम्यापेक्षा त्यांना तो पाळायला लावणारी माणसे मोलाची वाटली.

१०. ज्या शिपायांनी बोस्टनच्या लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यांचे वकीलपत्र जॉन ॲडम्स यांनी का घेतले?

५ मार्च १७७० रोजी, अमेरिका ब्रिटनची वसाहत असताना, बोस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांनी जमावावर केलेल्या गोळीबारात पाच जण मरण पावले. शहर संतापलेले होते, आणि ॲडम्स स्वतः वसाहतींच्या बाजूचे होते. तरी कप्तान प्रेस्टन आणि आठ शिपाई यांचा बचाव त्यांनी केला, कारण बचावावाचून कोणाला फाशी द्यायची नाही हे तत्त्व आपल्या माणसांपुरते नसते. कप्तान सुटले, सहा शिपाई सुटले, आणि दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देऊन सोडण्यात आले. पुढे हेच ॲडम्स देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. हा प्रसंग पुढच्या उत्तराशेजारी ठेवून वाचावा.

११. फ्रेंच क्रांतीने हक्कांचा जाहीरनामा दिला आणि चार-पाच वर्षांत गिलोटिन चालवले. असे का झाले?

२६ ऑगस्ट १७८९च्या सतरा कलमी जाहीरनाम्यात उणीव फारशी नव्हती. कायद्याने सांगितलेल्या प्रसंगांखेरीज अटक नको, दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानावा, ज्या समाजात हक्कांची हमी आणि सत्तेची विभागणी नाही त्याला संविधानच नाही, हे सारे त्यात होते. राजाच्या सहीच्या बंद पत्रावर माणसाला पॅरिसच्या बास्तीय या तुरुंग-किल्ल्यात डांबण्याची जुनी रीत क्रांतीने मोडली. पण त्या रीतीच्या जागी १६७९च्या कायद्यासारखी दिवस आणि दंड ठरवून देणारी, सरकारलाही बांधणारी रीत रुजली नाही.

युद्ध, धान्याची टंचाई आणि घरातली बंडे यांच्या भीतीने १७९३ मध्ये नवे संविधान शांतता होईपर्यंत बाजूला ठेवले गेले. १७ सप्टेंबर १७९३च्या संशयितांच्या कायद्याने वागणूक, ओळखीपाळखी, बोलणे किंवा लिहिणे यांवरून माणसाला धरता येऊ लागले. १० जून १७९४च्या कायद्याने क्रांतीच्या न्यायाधिकरणापुढील आरोपींचे वकील काढून घेतले आणि निर्दोष सुटका किंवा मृत्यू एवढ्या दोनच वाटा ठेवल्या. त्यानंतरच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक माणसांचा शिरच्छेद झाला, आणि अखेरीस तो कायदा आणणारे क्रांतीचे नेते रोबेस्पियर स्वतः खटल्यावाचूनच गिलोटिनवर गेले.

क्रांती मुळातच वाईट होती, हा निष्कर्ष मला मान्य नाही. सरंजामी वेठ आणि जन्मावरून मिळणारे विशेषाधिकार तिने एका झटक्यात काढले, ते दुसऱ्या कोणी काढले नसते. मात्र ‘जनतेचे सरकार जनतेवर अन्याय कसा करील’ या समजुतीने आरोपीच्या बाजूचा माणूसच न्यायालयातून हलवला गेला. बोस्टनमध्ये तो माणूस उभा होता.

१२. या साऱ्यात स्त्रिया कोठे होत्या?

फ्रेंच लेखिका ओलँप द गूज यांनी १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असे त्यांनी त्यात म्हटले. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार १९४४ मध्ये मिळाला. अमेरिकेतील प्रयत्नांसाठी प्रश्न ९ पाहावा.

१३. स्वातंत्र्याच्या इतिहासात हैतीचे नाव का घ्यावे?

कारण फ्रान्सचा जाहीरनामा सर्वांत गंभीरपणे घेतला तो फ्रान्सच्याच सां-दोमँग या वसाहतीतील गुलामांनी. ऑगस्ट १७९१ मध्ये तेथे उठाव झाला, आणि त्या रेट्यामुळे ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसने गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती इतर वसाहतींत पुन्हा चालू केली आणि येथे सैन्य पाठवले; नेते तूसाँ लूव्हेर्त्यूर यांना दगा देऊन पकडले आणि फ्रान्समधील फोर द झू किल्ल्यात ते ७ एप्रिल १८०३ रोजी मरण पावले. तरी १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात पंधरा कोटी फ्रँकची भरपाई लादली, जी पुढे नऊ कोटींवर आणली गेली. मुक्त झालेल्यांनी आपल्या जुन्या मालकांना पैसे द्यायचे, असा तो करार होता. प्रश्न ८ मधील दोन कोटी पौंडांशी तो ताडून पाहावा.

१४. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ ही त्रयी बाबासाहेबांनी फ्रेंच क्रांतीतून घेतली का?

त्यांनी स्वतः याला स्पष्ट नकार दिला आहे. ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरील भाषणात ते म्हणाले की आपले तत्त्वज्ञान या तीन शब्दांत सामावले आहे, पण ते फ्रेंच क्रांतीपासून उसने घेतले असे कोणी म्हणू नये. आपण ते आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी या तिन्हींना एकमेकांपासून तोडता येत नाही, असे मांडले होते: समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे अनेकांवर वर्चस्व, आणि बंधुतेवाचून दोन्ही टिकवायला शिपाई लागेल. पहिला भाग मॅग्ना कार्टाच्या ‘मुक्त माणसा’ला लावून पाहावा आणि दुसरा १७९४च्या पॅरिसला.

१५. कायद्याचे पालन करूनही स्वातंत्र्य संपवता येते का?

जर्मनीत तसे झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या, म्हणजे वायमार संविधानाच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमात आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला होता. २७ फेब्रुवारी १९३३ रोजी संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कलमाखाली व्यक्तिस्वातंत्र्य, घर, टपाल, भाषण, सभा, संघटना आणि मालमत्ता यांविषयीची सात कलमे स्थगित झाली. २३ मार्चला हिटलरच्या सरकारला स्वतःच कायदे करण्याचा अधिकार देणारे विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाले. विरोधी ९४ मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती. निवडून आलेल्या ८१ कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नाही, आणि सभागृहात नाझी पक्षाचे गणवेशातले तुफानी सैनिक उभे होते. म्हणून ‘सारे कायद्याने झाले’ हे विधान अर्धेच खरे आहे: कागद कायद्याचा होता, मतदान धाकाखालचे होते. वायमार संविधान औपचारिकपणे कधीच रद्द केले गेले नाही. १९४९च्या जर्मन संविधानाने मानवी प्रतिष्ठेसारखी काही तत्त्वे दुरुस्तीच्याही पलीकडे ठेवली, ती याच अनुभवामुळे.

१६. युद्ध किंवा आणीबाणी असेल तर न्यायालयांनी सरकारवर विश्वास ठेवायला नको का?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि तो विचारणारी माणसे सद्हेतूनेच विचारतात. लिंकन यांनी १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी बंदी प्रत्यक्षीकरण स्थगित केले. राजधानी शत्रूच्या वेढ्यात सापडण्याची खरी भीती होती, आणि १८६३ मध्ये काँग्रेसने तसा अधिकार कायद्याने दिला. पण १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलिगन खटल्यात ठरवले की जेथे नागरी न्यायालये उघडी आहेत तेथे नागरिकावर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालवता येत नाही. या निकालापर्यंत युद्ध संपले होते, हे नजरेआड करू नये. १९४२ नंतर अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत ठेवले. त्या धोरणाला डिसेंबर १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी साथ दिली. १९८८ मध्ये सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये स्थानबद्धतेविषयीच्या लिव्हर्सिज खटल्यात न्यायाधीशांनी बहुमताने मंत्र्याचा शब्द पुरेसा मानला. एकटे लॉर्ड ॲटकिन म्हणाले की शस्त्रांच्या खणखणाटातही या देशात कायदे मुके होत नाहीत. पुढे त्यांचेच मत बरोबर मानले गेले.

आपल्याकडे हेच सारे २८ एप्रिल १९७६ रोजी घडले. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे ठरवले होते; सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणी चालू असताना बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येत नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना होते, आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल गंभीर चूक होती असे लिहून मोडीत काढला. त्याआधीच १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही वीस आणि एकवीस ही कलमे स्थगित होणार नाहीत, अशी तरतूद केली होती.

या तिन्ही देशांचा अनुभव पाहता माझे मत असे आहे की विश्वास ठेवावा, पण कैद्याला हजर करण्याची आणि कारण सांगण्याची अट सोडू नये. ही अट पाळून कोणी युद्ध हरल्याचे उदाहरण माझ्या वाचनात आलेले नाही.

१७. पोर्तुगालच्या इतिहासाचा गोव्यातील नागरी स्वातंत्र्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, चर्च आणि राज्य वेगळे झाले, आणि गोव्यातील हिंदूंना सार्वजनिक जीवनात पूर्वीपेक्षा खूप मोकळीक मिळाली. १९२६च्या लष्करी बंडानंतर वारे फिरले. हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीत पूर्वतपासणीवाचून काही छापता येत नसे आणि परवानगीवाचून सभा घेता येत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी मोडला तो हा सभाबंदीचा हुकूम. त्या दिवसाची मागणीच भाषण आणि सभा यांच्या स्वातंत्र्याची होती. त्यानंतर गोव्याचे स्वातंत्र्यसेनानी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना पकडून लष्करी न्यायालयात शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवले, म्हणजे प्रश्न ४ मधील समुद्रापलीकडची कैदच. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पेनिशच्या कोठड्या उघडल्या त्या २५ एप्रिल १९७४च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर दोन दिवसांनी.

१८. आज भारतात अटक झालेल्या प्रत्येकाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते का?

संविधानाच्या बाविसाव्या कलमाचा तसा नियम आहे, आणि त्यात प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ वगळला जातो. १६७९च्या कायद्यातील मैल आणि दिवसांची आठवण येथे होते. त्याच कलमाने दोन अपवाद केले आहेत. एक शत्रुराष्ट्राच्या नागरिकांचा, आणि दुसरा प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्यांचा. दुसऱ्या अपवादात सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून तीन महिन्यांपर्यंत ताब्यात ठेवता येते, आणि स्थानबद्धतेची कारणे कळवताना सार्वजनिक हिताला बाधक वाटणारी तथ्ये सरकार रोखून ठेवू शकते. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने हे तीन महिने दोनवर आणण्याची तरतूद केली होती. ते कलम लागू करण्याची अधिसूचना अद्याप निघालेली नाही.